रुमाल टाकलेली जागा

३ फेब्रुवारी
पंख्यावरून भांडण. दुपारी जेवून आडवे झालो तर राजेश्वरीनं पाचवर केला, मी पांघरूण घेतलं. पाच मिनिटांत मीच घामाघूम — पांघरूण पायाशी! मग तिला थंडी. तिला पाळी गेल्याचा घाम, मला गोळीचा. "आता कळलं? मी सांगायचे तर म्हणायचात, मनाचे खेळ."
कळलं बाई.

५ फेब्रुवारी
सोलापूर. डॉक्टरबाईंना विचारलं, बायकांचा हा रोग पत्ता चुकून माझ्याकडं आला का? हसल्या नाहीत. म्हणाल्या, स्तन पुरुषालाही असतात, थोडे. इस्ट्रोजेन, बायकांचं म्हणतात ते हार्मोन, तेही असतं, थोडंच. रोगाला तेवढं पुरतं. माझ्या गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेनला बसायच्या जागा निघाल्या — रिसेप्टर. तिथं ते बसलं की पेशी वाढायला लागते. गाठ तर काढली. पण एखादी चुकार पेशी मागं राहिली असेल तर? म्हणून ही गोळी. टॅमॉक्सिफेन. पाच वर्षं.
तीस वर्षं परंड्याचा वार्ताहर आहे. वाचकाला कळेल असं सांगायची खोड. तर: स्टँडवर कुर्डुवाडी गाडी लागली की शहाणा माणूस दाराकडं जात नाही, खिडकीतून रुमाल टाकतो. जागा धरली! मग इस्ट्रोजेन दारातून कितीही रेटत येऊ दे. गोळी म्हणजे रुमाल. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरोबर. फक्त रोज टाकायचा."
आणि घाम? मेंदूतल्या जागांवरही तोच रुमाल पडतो म्हणे. म्हणजे राजेश्वरीचं इस्ट्रोजेन निवृत्त झालं, माझं ड्यूटीवर आहे पण त्याला खुर्ची नाही. तहसीलात अशी माणसं मी पाहिली आहेत.

८ फेब्रुवारी
बातम्या वेळेत गेल्या. घामही वेळेत आला.

११ फेब्रुवारी
आजवर गोळ्या सोलापूरहून आणायचो. संपल्या, म्हणून गावातल्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार उत्कर्षनं आवाज खाली आणला. "काका, काकूंना कधीपासून?" चिठ्ठीवर नाव माझं. पण बायकांची गोळी म्हटल्यावर नाव कोण वाचतो!
मी म्हणालो, "झालं की वर्ष."
तीस वर्षांत खोटी बातमी दिली नव्हती. आज दिली, तीही फुकट.

१४ फेब्रुवारी
बातमी गावभर. शेजारच्या नीलम्मा शहाळं घेऊन आल्या, राजेश्वरीच्या डोक्यावरून हात फिरवून रडल्या. "केस अजून लई चांगले हायत की गं तुझे!" राजेश्वरी माझ्याकडं बघत होती. मी पंख्याकडं.
त्या गेल्यावर म्हणाली, "शहाळं तुम्ही प्या. आजार तुमचा नि रडणं माझ्या नावावर, ही कसली वाटणी?"
मी म्हणालो, मग नीलम्मांना सांगितलं का नाहीस?
"तुमची लाज राखली. आजपुरती."

१९ फेब्रुवारी
आमच्या भैरवीचं ईट गावच्या माणिकप्पांच्या मुलाशी लग्न जमत आलेलं. आज माणिकप्पांचा फोन. "पाव्हणं, वैनींचं कानावर आलं. लई वाईट वाटलं. पण आईचं लेकीत उतरतं म्हणत्यात. जरा थांबू."
मी म्हणालो, "बरं." बरं!
भैरवी दारात उभी. "अप्पा, खरं का सांगितलं नाही?"
सांगितलं तिला — बापाकडूनही उतरू शकतं. खरं बोलून सोयरीक वाचेलच असं नाही.
"मग निदान आई तरी वाचेल."
राजेश्वरी भाकऱ्या थापत राहिली. जरा जास्तच जोरात.

२१ फेब्रुवारी
रविवारच्या सदराचा मजकूर सहाच्या आत पाठवायचा असतो. विषय ठरलेला, पाणीटंचाई. पाच वाजता तो खोडला आणि लिहिलं: 'खुलासा. ज्या गोळीवरून माझ्या पत्नीची विचारपूस होत आहे, ती गोळी मी खातो. गाठ माझ्या डाव्या स्तनाग्रामागं होती. वर्षभर मी तिला सुपारी, मग आवळा म्हणत राहिलो. स्तन म्हणालो नाही.' पुढं रुमाल, एसटी, सगळं.
संपादकांचा फोन. "स्तनाग्र ठेवायचं? छातीत म्हणू या."
"मग लोक हृदयावर नेतील. ठेवा."
पाच पन्नासला गेलं. घाम आला. हा गोळीचा नव्हता.

२२ फेब्रुवारी
स्टँडवर चहावाला ओरडला, "साहेब, मग आता ब्लाऊज कुठं शिवता?" अख्खा स्टँड हसला. म्हणालो, "तुझ्या मापाचा झाला की सांगतो." चहा मात्र बशीत सांडला.
राजेश्वरीनं दोनदा वाचलं. "पाणीटंचाईपेक्षा बरं लिहिलंय." वर्षभरातलं पहिलं कौतुक! नीलम्मा आल्या, या वेळी माझ्या डोक्याकडं बघून गेल्या. तिथं आधीपासूनच काही नाही.
ईटहून फोन नाही. भैरवी फोनकडं न बघायचं काम दिवसभर करत होती.

२४ फेब्रुवारी
फोन नाही. पंखा तीनवर — तह झाला.

२५ फेब्रुवारी
माणिकप्पा स्वतः आले. एकटेच. सोयरिकीचं बोलतील म्हणून राजेश्वरीनं चहा टाकला, भैरवी आत गेली. माणिकप्पांनी उठून दार लोटलं. खिशातून रविवारच्या पेपरची घडी काढली, मांडीवर ठेवली.
"दोन वर्सं झाली," म्हणाले. "घरी कुणालाच म्हाईत न्हाय." आणि शर्टाची बटनं काढायला लागले.