बाराबंदीचा कच्चा टाका

नाना, तुमच्या दुकानातला तो पत्र्याचा डबा परवा जळगावला माझ्या घरी आला. तुम्ही गेल्यावर भावाने अमळनेरचं दुकान रिकामं केलं, मशीन शेजारच्या शिंप्याला दिलं आणि मला फोनवर म्हणाला, "चिंध्यांचा डबा आहे, तुला हवा तर पाठवतो." चिंध्या म्हणाला! तुम्ही ऐकलं असतं तर त्याची धडगत नव्हती. तुमच्याकडे चिंधी नव्हतीच, होतं ते कुणाचं तरी कापड. कपडा शिवून झाला की उरलेला तुकडा गुंडाळून, किनारीच्या पट्टीने बांधून तुम्ही गिऱ्हाइकाला परत द्यायचात. "ठेवा, तुम्हालाच कामाला येईल," असं ज्याने तोंडाने म्हटलं, त्याचाच तुकडा डब्यात जायचा. मी सात-आठ वर्षांची असताना बाहुलीसाठी लाल मखमलीचा वीतभर तुकडा उचलला, तर तुम्ही हाताला धरून मला ज्या बाईंचं ते कापड होतं त्यांच्या दारापर्यंत नेलंत. "चिंधी शे, पन तिले धनी शे," एवढंच वाटेत बोललात. बाईंनी हसून तुकडा मलाच दिला, तरी मी आठवडाभर तुमच्याशी अबोला धरला होता.

डबा उपडा केला तर अगदी तळातून बाराबंदी निघाली.

आठवीत होते मी. मुलींची शाळा, गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक, त्यामुळे दाढीमिशांचे सरदारही आम्हीच. उंचीमुळे सेनापती माझ्या वाट्याला आला. वर्गाच्या बाईंनी धुळ्याहून भाड्याने पोशाख आणले होते आणि घालून बघायला दोन दिवस घरी नेऊ दिले होते. तुम्ही तो जरीचा अंगरखा बेतायच्या टेबलावर पसरलात, उलटा केलात, सुलटा केलात. मला वाटलं, जरीचं कौतुक कराल.

"आंगरखा ते शे," तुम्ही म्हणालात, "पन मझार काय?"

आत शाळेचा ब्लाउज घालायचा, असं बाईंनी सांगितल्याचं मी बोलले. तुमचा चेहरा असा झाला की जणू कुणी तुम्हाला उसवलेल्या कॉलरचा शर्ट दाखवलाय. जुनी माणसं अंगरख्याच्या आत बाराबंदी घालायची, तुमच्या आजोबांची तुम्ही लहानपणी पाहिली होती. एकावर एक येणारे दोन पदर, आतून-बाहेरून बांधायचे बारा बंद. ती अंगाला घट्ट बसली की वरचा अंगरखा खांदा सोडत नाही. मी म्हटलं, "नाना, मझारलं कोन देखस?" तुम्ही टेप गळ्यात टाकत म्हणालात, "मी देखस ना. वरलं बठ्ठं मझारलावर उभं ऱ्हास."

मग तो डबा उघडला. मी समोर बसलेय, तुम्ही एकेक तुकडा उजेडाकडे धरून ताणून बघताय. पाठीला मांजरपाट. पुढच्या एका पदराला शेटजींच्या लेंग्याचे निळे पट्टे, दुसऱ्याला कुणाच्या तरी सदऱ्याचं पांढरं पॉपलीन. बाह्यांना शेजारच्या काकूंच्या उशीच्या अभ्र्याची बारीक फुलं. बंद बाराच्या बारा वेगळ्या रंगांचे. दोन दिवस मशीनवर लग्नाचे कपडे तसेच पडून होते आणि तुम्ही काखेतली कळी, तो जोडाचा त्रिकोणी तुकडा, हाताने बसवत होतात. शिवणीत बोटभर दाब ठेवलात, पोर वाढेल म्हणून. घडी घालून हातात दिलीत तेव्हा मला ती देखणी वाटली होती, हे खरं सांगते.

गॅदरिंगच्या दुपारी मुली तयार होत होत्या. मी पिशवीतून ती काढली मात्र, एकजण ओरडली, "अगं, ही बघा गोधडी!" दुसरी म्हणाली, "बापानं लंगोटपण शिवलाय का गं?" सगळ्या पोट धरधरून हसल्या. मीही हसले, त्यांच्याहून मोठ्याने. बाराबंदी पिशवीत कोंबली आणि शाळेच्या ब्लाउजवर अंगरखा चढवला. तो मोठ्या पुरुषाच्या मापाचा. नाटकभर मी डाव्या हाताने खांदा सावरत होते आणि उजव्या हाताने मोहिमेवर निघाले होते. तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुम्हीही वाजवल्यात.

घरी यायच्या आधी शाळेच्या नळाशी मी काय केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाराबंदी चुरगळली, वरचे बंद बांधून सोडले, काखेत पाण्याचा हात फिरवला. घामाची दिसावी म्हणून. शिंप्याची पोर, एवढी अक्कल होती मला.

"घडी मोडी का?" तुम्ही विचारलंत.

"हा नाना, मोडी. मस्त बसनी."

तुम्ही ती हातात घेतलीत. पदर उघडून आत काखेपाशी अंगठा नेलात, क्षणभर तिथेच ठेवलात. "मंग बरं झायं," म्हणालात आणि पुन्हा घडी घातलीत. मी सुटले. पुढे कितीतरी वर्षं दुकानात कुणी आलं, की तुम्ही तीच गोष्ट सांगायचात, "मनी पोरनी बारा बंद बांधात, तवय ती ताठ उभी ऱ्हायनी." मी मान खाली घालून काजं करत बसायची. वाटायचं, किती भोळे आहेत नाना. एवढ्या हुशार माणसाला एवढंही कळलं नाही, याचा मनातून थोडा तोराही होता मला, लाज वाटते आता.

परवा ती मांडीवर घेऊन मी वरचे बंद सोडले, पदर उघडला. आतले, काखेपाशी बांधायचे दोन बंद एकमेकांना शिवलेले आहेत. एकच कच्चा टाका, लाल दोऱ्याचा. नवा कपडा घडीत हलू नये म्हणून तुम्ही असा टाका घालायचात, गिऱ्हाईक पहिल्यांदा घालताना तो तोडायचं. तो तोडल्याशिवाय ही बाराबंदी कुणाच्याही अंगात जाणं शक्य नाही. तुमचा अंगठा तिथे का थांबला होता, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. धुवायलाही टाकली नाहीत तुम्ही ती. माहीत असून मला एका शब्दाने बोलला नाहीत आणि उलट गावभर माझीच बाजू घेत राहिलात. मखमलीच्या तुकड्यासाठी परक्या दारात नेणारे तुम्ही, नाना, त्या दिवशी मला तसंच हाताला धरून शाळेत का नेलं नाहीत? नेलं असतंत तर मी तेव्हाच रडून मोकळी झाले असते.

हे कागद आता बाराबंदीच्या पदरात ठेवून डबा बंद करणार आहे. पाठवणार तरी कुठे? दाब उसवला तर अजूनही बसेल मला, मोजून पाहिलं. कात्रीही घेतली होती हातात. पण घडी मोडली का, असं विचारलंत तर यावेळी खरं सांगते. नाही मोडली, नाना. आणि आता मोडवत नाही.