मार म्हणजे साप

राणीसावरगाव, माघ १९५४

चि. रायभानास आशीर्वाद.

आबांच्या पोस्टमार्टमच्या अहवालाची शिक्क्याची नक्कल परभणीच्या कचेरीतून अखेर मिळाली. निजामीत जमादाराने हाच उर्दू कागद चावडीवर वाचला होता, "मौत का सबब, जहर-ए-मार." आपल्या लोकांना जहर कळलं आणि मार कळला, म्हणजे कुणीतरी विष घालून मारलं. आदल्या दिवशी तुझं आबांशी भांडण झालेलं. पोलिसांनी तुला धरलं नाही, तर तू पैसे चारलेस असं गाव म्हणालं, आणि तू निघून गेलास.

कचेरीतल्या मुन्शींनी नक्कल वाचली आणि म्हणाले, "दत्तराव, फारसीत मार म्हणजे साप. घोट्यावर दातांच्या खुणाही लिहिल्यात." पांडुरंगाचं नाव घेत मी तिथेच खाली बसलो.

आज चावडीवर ती नक्कल अर्थासकट सगळ्यांना वाचून दाखवली. ग्यानबाकाका पुटपुटले, "आमी काय फारसी शिकलो हाव का?"

आई म्हणाली, "न्हाई शिकला, तर माझ्या लेकराला खुनी कशाला म्हनलात?"



तुझा पत्ता ठाऊक नाही, म्हणून हे पत्र देव्हाऱ्यात ठेवतो. नक्कल चावडीच्या भिंतीला लावली आहे. येशील तेव्हा दिवसाढवळ्या, चावडीवरूनच ये.

तुझी वाट पाहणारा थोरला भाऊ,
दत्तराव