ताईच्या नऊ फायली

१४ मे
"नाव कुठंच टाकू नको, नुसतं जपून ठेव." सतरा वर्षांपूर्वी ताई बोलली होती, आमच्या न्हाणीबाहेर, बंबापुढं बसून. बदलीवर किनवटकडं मुलींच्या वसतिगृहात गृहपाल होती, तीन वर्षं. तेव्हा लिहिलेली वही. मी टाइप करत गेले तशी ती एकेक पान बंबात घालत गेली. लातूरला घरी नेणं शक्यच नव्हतं. सासूबाई काय, दाजी काय, तिची पिशवी उघडायला कुणी विचारायचं नाही.

आज तिचा फोन. "अगं, महिनाअखेर रिटायर होऊन राहिले मी. ते माझं लिहिलेलं आहे ना? आता वाचीन म्हणते. आता कुणाला भ्यायचं?"
"आहे की. जातंय कुठं?"

म्हणून बसले खरी. कॉम्प्युटर उघडेस्तोवर चहा होतो. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. माझ्या पुस्तकाचं कालचं प्रकरण सेव्ह होईना, जागा नाही म्हणतो. आधी जागा करायची, मग शोधायचं.

१५ मे
कचरापेटी रिकामी. टेम्प की काय ते उडवलं. सुप्रभातचे गुलाब, चारशेच्या वर. महेश दुपारी जेवायला आला, ताट मांडायचं राहिलेलं. म्हणे, "फ्रीजमधली शिळी चटणी टाकवत नाही तुझ्यानं, अन् इथं बरा हात चालतो." पोळी कोरडीच खाऊन गेला बिचारा नवरा.

जुनं मराठी टाइपिंगचं सॉफ्टवेअरही काढलं. युनिकोड आल्यापासून हात लावला नव्हता. माझे तेव्हाचे लेख छापून झालेत, त्यांची चिंता नाही.

'किनवट' टाकून शोधलं. काही नाही. 'ताई' टाकलं. तिच्या मुलाच्या लग्नाचे फोटो तेवढे. असेल कुठंतरी. मी टाकणारी बाई नाही.

१७ मे
'नवीन फोल्डर', त्याच्या आत पुन्हा 'नवीन फोल्डर'. आत t1 ते t9. उघडल्या तर डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, पानंच्या पानं तसलीच. दुसरी उघडताना मशीनच बंद पडलं. महेशला फोन केला. "व्हायरस असणार. उडव लगेच, नाहीतर सगळीकडं पसरंल."

उडवल्या. शिफ्ट दाबून, म्हणजे कचरापेटीतसुद्धा राहायला नको. एवढ्याशा फायली, त्यांनी जागा काय होणार, भीतीनंच काढल्या. मग फोनमधले सगळे फोटो इकडं घेतले. अडीच हजार. तरी पट्टी निळीच, परवा केलेली जागा पुरली. प्रकरण सेव्ह झालं. आज जरा हलकं वाटतंय.

उद्या ताईचं शोधायचं.

१९ मे
भेंडी चिरत होते. t म्हणजे ताई.

नाव टाकू नको म्हणाली म्हणून मीच दिलेली नावं. नऊ बैठका, नऊ फायली.

भेंडी तशीच.

२० मे
मुजीबभाईंच्या दुकानात कॉम्प्युटर नेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं.
"मॅडम, फायली खराब नव्हत्या. त्या सॉफ्टवेअरबरोबर फॉन्ट काढला तुम्ही. जुनी मराठी बिगर फॉन्टची अशीच दिसती. चष्मा फेकून दिला अन् पेपरवाल्यालाच शिव्या, असं झालं."
"निघतील का?"
"नंतर वर काही टाकलं का?"
"फोटो. अडीच हजार."
त्यांनी आधी मशीनची वायर काढून घेतली. मग म्हणाले, "कोशिश करतो. आता घरी न्यू नका, चालूबी करू नका. आठ-दहा रोज लागतील."
निघताना दारातून पुन्हा विचारलं, नक्की निघतील ना. म्हणाले, "मॅडम, खोटं सांगू का खरं?"


२२ मे
ताईचे दोन फोन. एक उचलला नाही. दुसऱ्याला सांगितलं, कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकलाय. खोटं नाही. खरं पण नाही.

वहीत काय होतं ते आठवायला बसले. गाडीच्या शिट्टीवरून वेळ सांगणारी एक मुलगी. भिंतीला गोंदण असावं तसे ओलीचे डाग. सहस्रकुंडच्या धबधब्याचा आवाज, की तो मीच एकदा ऐकलेला? पुढं काही नाही. तेव्हा टाइप करण्याच्या नादात होते. वही हातांनी वाचली, मी नाही. तिनं मला विश्वासानं दिली आणि मी काना-मात्रा बघत बसले.

माझी स्वतःची वाक्यं मला तोंडपाठ असतात. याची आज लाज वाटली.

२५ मे, लातूर
फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सकाळची बस धरली. रस्ताभर पाठ केलेलं एक वाक्य लातूर येईपर्यंत विसरून गेले.

ताई गच्चीवर कुरडया घालत होती. दाजी खाली टीव्हीपुढं. मला वाटलं होतं, आधी पाणी पिऊ, मग बोलू. तिनं तोंड बघितलं नि सोऱ्या खाली ठेवला.
"काय झालं? महेशराव बरे आहेत ना?"
सांगितलं. सगळं, फॉन्टपासून.
ती हसली. "म्हणजे वाचता येईना म्हणून टाकून दिलंस! सासूबाई परवडल्या की गं, त्यांना वाचता येत होतं."
मी रडायला लागले तर म्हणाली, "तिकडं सर, कुरडयांवर पाणी पडंल."

मग किती तरी वेळ नुसत्या कुरडया. गोल, त्याच्या शेजारी गोल. मी चादरीची टोकं विटांखाली दाबत होते. शेवटी, माझ्याकडं न बघता: "त्यातलं एक अक्षर आता मला विचारू नको. तेव्हा लिहून मोकळी झाले होते. तू होतीस म्हणून मोकळी झाले. पुन्हा नाही होणार माझ्यानं."

खालून दाजींचा आवाज, "अहो, चहाचं बघा." ती उतरून गेली. चीक वाळून तिच्या मनगटाला चिकटलेला, तो तसाच.

निघताना कुरडयांचा डबा दिला, मागच्या वर्षीच्या. म्हणजे रागावली नाही. की रागावलीय आणि डबा वेगळा? विचारायचं धाडस झालं नाही.

३० मे
मुजीबभाईंचा फोन, येऊन जा. नऊपैकी आठ गेल्या. फोटो बरोबर त्यांच्यावरच बसलेत. एकीचा तुकडा निघाला. कुठल्यातरी जुन्या सीडीतून त्यांनी तो फॉन्ट शोधून बसवला आणि टिंबांची अक्षरं माझ्या डोळ्यांदेखत मराठी झाली. मुजीबभाई स्टूल देऊन बाहेर गेले. उगीचच, गिऱ्हाईक नव्हतंच.

एवढंच आहे. उतरवून ठेवते, या मशीनवर माझा भरवसा नाही:

"…पोरी जेवून निजायला आल्या. हाताला डाळीचा वास. त्यातली सर्वांत धाकटी विचारती, बाई, तुमच्या घरी कोण कोण आहे? म्हणाले, कुणी नाही. बोलून गेले आणि वाट बघितली, आता वाईट वाटंल. लातूरला पोरगं आहे, नवरा आहे. पण वाईट वाटलंच नाही. म्हणून"

पुढं चौकोन. नुसते चौकोन, दीड पान.

अकरा वर्षांचा होता तेव्हा तिचा मुलगा. मी हे टाइप केलंय. माझ्याच बोटांनी. आणि त्या दिवशी बंबातून पाणी काढून देताना मी तिला विचारलं होतं, "पोहे करू का उपमा?"

३१ मे
आज तिचा निरोप समारंभ. दुपारी फोटो आला. शाल, नारळ, दाजी शेजारी ताठ उभे. ती कॅमेऱ्याकडं बघतेय, पण नजर कुठं…

तुकडा तिला पाठवला नाही. तिच्या फोनवर आलं की दाजी आधी वाचणार. पोस्टानं पाठवलं तरी तेच. म्हणून फोन केला, गच्चीवर जा म्हणाले. गेली. वाचून दाखवलं, 'म्हणून'पर्यंत. पलीकडं वारा आणि कसलंतरी पत्र्याचं वाजणं. तिनं विचारलं, "संपलं?"

विचारू नको म्हणाली होती. ते मान्य करून आले होते. नाहीच म्हणेल, आवाज आताच तसा झालाय, फोन ठेवेल कदाचित. तरी म्हटलं:

"ताई, बाकी काही नको. त्या 'म्हणून'च्या पुढं काय, तेवढं सांग."