बैल खाईना, पोरगी बोलंना

१० जानेवारी, सकाळी
शिरूर-दौंडच्या बापांनो, आपल्या घरात एक बंद दार आहे. आतून कडी लावलेली, आणि आत आपलंच पोर. आपण राबायचं, फी भरायची, आणि काय झालं विचारलं की उत्तर, 'काही नाही.' हा अपमान किती दिवस गिळायचा?

भाषणाची सुरुवात जबरदस्त झालीय. सव्वीस तारखेला माझ्या पोरीच्या, अनुपमाच्या शाळेत पालक मेळावा. विषय, किशोरवयीन मुलांच्या भावना. वक्ता मी. घाटात बैलगाडा शर्यतीचं निवेदन करतो, अख्खी गर्दी माझ्या माईकवर उसळते. दहावीची पोरं काय चीज आहेत.
संकल्प: मेळाव्यापर्यंत घरात आवाज चढवायचा नाही.

१० जानेवारी, संध्याकाळी
चढवला. वरणात मीठ नव्हतं. ताट भिंतीवर गेलं. पण शाळेच्या प्रतिभा मॅडमनी दिलेल्या पुस्तिकेत स्पष्ट छापलंय: राग, भीती, दुःख सतत आत दाबणाऱ्या मुलांना चिंता आणि नैराश्याचा धोका जास्त. म्हणजे दाबायचं नाही. मी दाबलं नाही. सायन्सप्रमाणे वागलो.
अनुपमानं गुपचूप भिंत पुसली. या पोरीला राग येतच नाही. माझे संस्कार.

१४ जानेवारी
सम्राटनं वैरण सोडली. माझा शर्यतीचा बैल. रवंथ बंद, डोळे खाली. अर्ध्या तासात जनावरांचा डॉक्टर दारात उभा केला. डॉक्टर जवळ गेला तसा सम्राटनं खुंटा उपटला, डॉक्टरची बॅग तुडवली, मला शिंगावर घेऊन गोठ्याच्या पत्र्यावर आपटलं. बरगडी ठणकतेय. तरी मी सगळ्यांना समजावलं, तो माजलेला नाही, घाबरलाय. घाबरतो तेव्हाच मारतो. मला डोळ्यांवरून कळतं.
बायको, सुलक्षणा, म्हणाली, पोरगीपण चार दिवस धड जेवली न्हाई. मी म्हणालो, अभ्यासाची एकाग्रता. तर म्हणते, "बैल खाईना तर डॉक्टर, आन् पोरगी खाईना तर एकाग्रता, व्हय?"
बायकोला सायन्स कळत नाही. तांब्या फेकला. दाबलं नाही.

१९ जानेवारी
पुस्तिकेत पुढचा मुद्दा: मुलांना घडलेल्या गोष्टीकडे वेगळ्या बाजूनं बघायला शिकवा. लगेच अमलात आणला. अनुपमानं पुन्हा दाराला कडी लावली होती. दार लाथेनं उघडलं, तिचा मोबाईल पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडला. मग शांतपणे शिकवलं, वेगळ्या बाजूनं बघ, स्क्रीन टाइम कमी झाला.
"बरं, पप्पा," म्हणाली. चांगला प्रतिसाद.

२३ जानेवारी
अनुपमानं सराव परीक्षेत गणिताचा पेपर कोरा दिला. मी हात उगारला. ती हललीच नाही. डोळे खाली. असे डोळे नुकतेच कुठंतरी पाहिलेत, आठवेना. हात आपोआप खाली आला.
मग ती बोलली. पेपर हातात आला की छाती धडधडते, बोटं बधिर होतात, श्वास पुरत नाही. रोज उशीत तोंड खुपसून ओरडते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. सकाळी उठावंसंच वाटत नाही. "कुणाला सांगू नका, पप्पा." मी शब्द दिला.
आपला बाप म्हणून केवढा विश्वास. शिवाय भाषणाला जिवंत उदाहरण हवंच होतं.

२६ जानेवारी
भाषण भिर्रर्र सुटलं. घाटातला माझा स्वतःचा साउंड सेट नेला होता, आवाज बाजारपेठेपर्यंत. "माझी अनुपमा, इथंच बसलीय, रोज उशीत तोंड घालून ओरडते," म्हणालो. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. एवढा परिणाम घाटातही होत नाही. फक्त अनुपमा उठून गेली. प्रतिभा मॅडम तिच्यामागं धावल्या, त्यांनी आभारही मानले नाहीत.

संध्याकाळी सेट ओट्यावर उतरवला. अनुपमानं कुऱ्हाड आणली. कर्णे फोडले, अॅम्प्लिफायर उभा चिरला, माईक ठेचून ठेचून चपटा केला. तारेनं तिचे हात फाटले, रक्त ओट्यावर. थांबेना. मी पुढं झालो तशी कुऱ्हाड माझ्याकडं वळली. "पुढं येऊ नका."
सुलक्षणा मध्ये येऊन उभी राहिली. पाठ कुऱ्हाडीकडं, तोंड माझ्याकडं. गडबडीत उलटी उभी राहिली असावी.

३ फेब्रुवारी
दौंडला मनाच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. शिरूरला सगळे ओळखतात म्हणून. काउंटरवरचा म्हणाला, "मामा, आवाज ओळखीचा वाटतोय. घाटातले ना?"
अनुपमाची अट: पप्पा आत येतील, बोलणार नाहीत. संकल्प केला, पाळला. पण डॉक्टरबाईंनी मलाच विचारलं, तुम्हाला भीती कशाची वाटते? मुद्दे तयार होते. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. बाहेर स्टेशनवर गाडी शिट्टी देऊन निघूनही गेली, मी तसाच.
अनुपमा म्हणाली, "राहू द्या, मॅडम. ते घाबरतात तेव्हाच मारतात."
हे वाक्य माझं आहे. सम्राटबद्दलचं. ते डोळेही मग आठवले.

रात्री जेवायला तिच्याशेजारी बसलो. गप्प. सुलक्षणानं सगळ्यांना ताटं वाढली, मला पत्रावळ. फेकली तरी कुणाला लागणार नाही अशी. अनुपमा म्हणाली, भात अजून आहे का. मी पातेलं सरकवलं.

बापांनो, भाषण रद्द. आज जेवायला पोराशेजारी बसा, आणि ते उठेपर्यंत तोंड फक्त घासापुरतं उघडा.