वरच्या वाडीची बस आणि माझं मोलाचं मत

३ मे
आमच्या वरच्या वाडीची बस चालू ठेवायची की बंद करायची, हे म्हणे ग्रामसभा ठरवणार. रेगुला घाबरली आहे. तिची नोकरी खाली गावात, गुडघे कामातून गेलेले, आणि चढ तर नुसती भिंत. बस गेली की नोकरी गेली, म्हणाली. मी म्हटलं, नवरा कशाला आहे? संकल्प: घरोघर प्रचार. उद्यापासून.

७ मे
पाऊस. सोमवारपासून नक्की.

११ मे
रेगुला एकटीच जाऊन रीनर आजींना पटवून आली. त्यासाठी तीन कप कॉफी प्यावी लागली म्हणे. एका मतासाठी एवढी उठाठेव! मी समजावलं, लोकशाहीत एक मत म्हणजे दर्या में खसखस. माझं भाषण एका झटक्यात पन्नास मतं फिरवील. ती म्हणाली, आधी लिहा तरी.

१८ मे
भाषण तयार. बायका रडणार.

२३ मे
काल शाळेच्या हॉलमध्ये सभा. हात वर करून मतदान, हे आम्हा स्विस लोकांचं बाळकडू. हात मोजायला हॉलमधलेच दोघे निवडतात. ‘हो’चे हात मोजायला अध्यक्षीणबाईंनी माझं नाव पुकारलं! मोजणाऱ्याने भाषण ठोकणं शोभत नाही, म्हणून ते खिशातच ठेवलं. घसाही जरा बसला होता.

एकेक हात पेन्सिलीने टिपत फिरलो. रेगुलाचा सगळ्यांत उंच. रीनर आजींचा काठीसकट. एकही सुटला नाही.

एक्केचाळीस विरुद्ध एक्केचाळीस. मग अध्यक्षांचं मत निर्णायक. बाई खालच्या गावच्या. बस गेली.

मी ताडकन उठलो आणि गरजलो की ‘नाही’ मोजणाऱ्या बेकरीवाल्या एल्मरने घोळ घातलाय. तो शांतपणे म्हणाला, हॉलमध्ये चाळीस हात, आणि एक्केचाळिसावा माझा स्वतःचा. तुम्ही तुमचा धरलात का?

रेगुलाने डोळे मिटले. बाई म्हणाल्या, निकाल जाहीर झालाय, आता इलाज नाही.

पेन्सिलही फार बोथट दिली होती.

२ जुलै
रेगुलाने आज राजीनामा दिला. चढ झेपेना. फार वाईट वाटलं. मी म्हटलं, पुढच्या सभेत बघच तू. ती म्हणाली, आधी हात वर करून दाखवा. केला.

म्हणाली, आता मोजा.

एक.