साठ सिकोया आणि अकरा मोह

१६ जानेवारी
साहेब अमेरिकेचा दौरा करून परतले. राज्य नवं, राजधानी नवी, साहेबही नवेच. वय माझ्या मोठ्या भाच्याएवढं. आज मीटिंगमध्ये फोटो दाखवले. एका झाडाच्या बुंध्यापाशी स्वतः उभे, बोटाएवढे दिसतात. झाडाचं नाव जायंट सिकोया. आकारमानानं जगातलं सगळ्यात मोठं झाड. नव्या राजधानीच्या मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी हेच लावायचं. साठ रोपं मागवलीसुद्धा.
मी म्हटलं, सर, रायपूरचा मे महिना… वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "आप सिर्फ टेक्निकल नोट दे दीजिए कि जलवायु अनुकूल है."
सगळे टेबलाकडे पाहून राहिले होते. मीही पाहिलं. सव्वीस वर्षं सरकारी रोपवाटिका सांभाळून राहिलो, आणि मान खाली. घरी येऊन बायकोवर, नंदावर खेकसलो, चहा थंड आहे म्हणून. चहा गरम होता.

१९ जाने.
लेकीनं, पल्लवीनं समता कॉलोनीतल्या इंटरनेट कॅफेतून सिकोयाची माहिती छापून आणली. पोट्टी बी.एस्सी.ला आहे. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत सांगते. दोघं बसून वाचलं.
काय झाड आहे! साल लाल, मऊ, हातभर जाड. आग लागली तरी आतलं खोड वाचते. उलट आगीच्या धगीनंच याची फळं सुकून उघडतात आणि बी राखेत पडते. बी एवढं हलकं, की फुंकरीनं उडावं. पाणी मिळते डोंगरावरच्या बर्फाचं. तीन-तीन हजार वर्षं उभं राहते. मुळं फार खोल नाही जात, पसरतात. लाकूडतोड्यांनी तिथंही पाडली. पडताना खोडाच्या चिरफळ्या व्हायच्या, मग त्याच्या कुंपणाच्या खुंट्या. तीन हजार वर्षांच्या खुंट्या!
पल्लवी म्हणाली, "पापा, ये तो यहाँ एक सीज़न नहीं निकालेगा." वीस वर्षांच्या पोट्टीले कळते.
राग झाडावर नाही. झाडासाठीच राग येते. बर्फातल्या झाडाले इथं आणून मारायचं, आणि फोटो काढायचा.

२ फेब्रुवारी
नोट दिली. सरळ लिहिलं: जलवायू अनुकूल नाही, थंडीत बर्फ आणि उन्हाळ्यात गारवा लागणारं झाड आहे, इथं जगणार नाही. कौहा (अर्जुन), करंज, मोह लावावे.
चार वाजता परत आली. "अनुकूल नाही"मधल्या "नाही"वर लाल पेनाची रेघ. बाकी वाक्य तसंच. खाली सही करायले जागा सोडलेली.
सही नाही केली. नोट तशीच ड्रॉवरमध्ये. दुसऱ्या कोणाची तरी सही मिळवतीलच.

२० फेब्रु.
रोपं आली. दिल्लीहून, एसी गाडीतून. वीतभर उंचीची, निळसर हिरवी, हात लावला तर टोचणारी. खरं सांगतो, पाहून जीव हरखला. मनात आलं, जगली पाहिजेत कशीही करून. मग स्वतःचाच राग आला.
सुखबतीच्या हवाली केली. ती आमच्या रोपवाटिकेतली सगळ्यात जुनी मजूर. नव्या राजधानीत ज्या गावांची जमीन गेली त्यातल्याच एका गावची. तिच्या हातचं रोप मरत नाही. तिनं कुंडी उचलून पाहिली, "अतेक नानकुन?" एवढंसंच? मी सांगितलं, हे जगातलं सगळ्यात मोठं झाड होते. तिनं विचारलं, किती दिवसांत? म्हटलं, हजार-दोन हजार वर्षांत. ती हसली नाही. कुंडी खाली ठेवून म्हणाली, "हमर महुआ ला त काली काट दीन."
काल तोडले ते कोणते महुआ, म्हणजे मोह? तर गावाच्या कडेचे, रस्त्यात येणारे. अकरा.
अकरा हा आकडा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला.

२१ फेब्रु.
फाईल काढली. नोव्हेंबरची यादी. "मोह, अकरा नग, सामान्य, तोडण्यास हरकत नाही." खाली सही माझी.
जागेवर गेलो नव्हतो. त्या आठवड्यात पल्लवीची परीक्षा होती, की स्कूटर बिघडली होती, काहीतरी होतं. आठवत नाही. म्हणजे फार मोठं काही नव्हतं.
दुपारी गेलो. खोडं उचलून नेली होती, बुंधे राहिले. एकाभोवती दोन्ही हात पसरले तर निम्म्यालाही नाही पुरले. बायका ढलप्या टोपलीत भरून राहिल्या होत्या, जळणाले. महिन्याभरात मोहफुलं गळायची होती. एका म्हातारीनं सांगितलं, ही झाडं तिच्या सासूच्या सासूनंही मोठीच पाहिलेली. मले शासनाचा माणूस ओळखून विचारलं, नवीन झाडं कधी लावता?

२३ फेब्रु.
सुखबतीले सांगितलं. यादीवर माझी सही आहे, म्हटलं. न पाहता केली.
तिनं फक्त विचारलं, "बिन देखे?"
मग पाईप उचलला आणि पाणी द्यायले निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

८ मार्च
वृक्षारोपण झालं. मांडव, बँड, हार. साहेबांचं भाषण: ये पेड़ तीन हज़ार साल हमारी राजधानी की गवाही देंगे. टाळ्या. ज्या जागी उभं राहून बोलले तिथून मोहाचे बुंधे शंभर पावलांवर होते. जेसीबीनं काल उपटून सपाट केलेत.
माझ्याही गळ्यात एक हार टाकला. काढता नाही आला, फोटो चालू होते.

११ एप्रिल
शेंडे तांबडे पडून राहिले. हिरव्या जाळ्या लावल्या, दिवसातून तीनदा पाणी. आज साहेबांचा नवीन हुकूम: बर्फ ठेवा. गुढियारीच्या कारखान्यातून लाद्या आल्या. गोणपाटात गुंडाळून एकेका रोपाभोवती ठेवल्या. बारा वाजेपर्यंत सगळं पाणी.
टँकर रस्त्यावर उभा होता, तिकडे गावचा हँडपंप कोरडा. बायका हंडे घेऊन टँकरसमोर येऊन बसल्या. ड्रायव्हर मले विचारते, काय करू? मी म्हटलं, दे त्यायले. दिलं. संध्याकाळी साहेबांचा फोन, खूप ऐकलं. मीही यावेळी दोन शब्द बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही.

३ मे
साठातली सेहेचाळीस रोपं गेली. हात लावला की काड्या मोडतात.

१२ मे
शेवटचं रोपही गेलं. सुखबतीनं ते रस्त्यावरून काढून सावलीत, मातीच्या माठाआड ठेवलं होतं, कोणाले न सांगता. तिनंच मले नेऊन दाखवलं. तिचे हात पाहिले. साठ रोपांसाठी दोन महिने राबलेले.

१४ मे
साहेबांनी तयार अहवाल पाठवला. रोपं मेली ती "मज़दूरों की लापरवाही से". रोपवाटिकेतल्या तिघी मजूर बायांची नावं. सुखबतीचं पहिलं. तिघींले कामावरून कमी करा, खाली माझी सही हवी.
म्हणजे बर्फाच्या डोंगरातलं झाड रायपुरात मेलं, याले जबाबदार सुखबती!
कागद फाडणार होतो. फाडला नाही. परत केला, आणि स्वतःचा अहवाल लिहायले बसलो.

१६ मे
अहवाल दिला. दोन पानं. एक: रोपं उष्णतेनं मेली, तसं मी फेब्रुवारीतच लिहून दिलं होतं. लाल रेघेची नोट सोबत जोडली. दोन: त्याच रस्त्यासाठी अकरा जुने मोह तोडले, त्याची शिफारस मी जागा न पाहता केली, ही चूक माझी. आवक-जावकच्या रजिस्टरमध्ये नोंद करूनच बाहेर पडलो.
नंदा म्हणाली, "पहिलं लिहिलं ते ठीक. दुसरं काहून लिहिलं? तुम्हाले कोणी विचारलं होतं काय?"
नव्हतं विचारलं. तीन वर्षं राहिली रिटायर व्हायले. तिची भीती खोटी नाही. तिच्यावर नाही चिडलो.

२२ मे
साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज एकदम मऊ, चहा मागवला. म्हणे, पहिल्या पानाचं पाहू, चौकशी-बिकशी काही नको. दुसरं पान तेवढं परत घ्या. मोहाचं प्रकरण बाहेर आलं, तर रस्त्याचा दुसरा टप्पा अडकेल. "आप वो पन्ना हटा लीजिए, तीनों औरतें काम पर रहेंगी." शुक्रवारपर्यंत सांगा.
निघताना दुसऱ्या टप्प्याची यादी माझ्या हातात ठेवली. मोह, कौहा, एक जुना पिंपळ. सहीची जागा कोरी.
यादी खिशात कोंबून जिना उतरलो. राग असा की कानात आवाज होत होता. कारण सौदा वाईट होता, आणि मले एक क्षण बराही वाटला.

२३ मे
सुखबतीले सगळं सांगितलं. तिचंच काम पणाले लागलं, तिच्यापासून काय लपवू. तिच्या घरी कमावणारी ती एकटी. तिनं चाळणीतली माती कुंडीत ओतली. मग म्हणाली, "मोर नाव म लबारी झन लिखहू, साहब." तिच्या नावावर खोटं नको.
पण काम गेलं तर, मी विचारलं. ते उत्तर तिनं का द्यावं? शिकलेला मी, सही माझी.
मग तिनंच विचारलं, नव्या यादीतली झाडं पाहिली काय? नाही, म्हटलं. म्हणे, सकाळी सहाले या, ऊन चढायच्या आत सगळी दाखवते.

२४ मे
सहाले पोचलो. पायी फिरलो, एकेका झाडापाशी. सुखबती सांगत होती, मी लिहून घेत होतो: कोणाची ढोली, कोणाच्या मुळाशी कोणाचं लेकरू पुरलेलं, कोणत्या मोहाची फुलं पहिली गळतात. वहीची चौदा पानं भरली. सरकारी यादीत यासाठी रकाना नाही.
पिंपळाखाली मोजणीवाल्यांनी चुन्याची रेघ ओढून ठेवलीय. दोन पोरी त्यावर लंगडी खेळून राहिल्या होत्या.
उद्या शुक्रवार. नंदानं विचारलं, काय ठरवलं? म्हटलं, सही तर नाहीच. आणि ते दुसरं पान? तिनं विचारलं.
तिघींचे चेहरे समोर आले, आणि तरीही म्हटलं, ते परत घेत नाही.