पेरूला पडलेली भोकं

५ सप्टेंबर

परत तेच! आज सात पेरू खाली. प्रत्येकाला सुईएवढं भोक आणि भोवती मऊ, सडकं. मानपाड्याचं घर बंद करून खडवलीला या प्लॉटवर राहायला आले ती काय हे बघायला? कोणीतरी मुद्दाम करतंय. सापडू दे, सोडणार नाही.

७ सप्टेंबर

सापडली! झाडांना पाणी घालणाऱ्या विमलाबाईची नात सान्वी. नऊ वर्षांची. पेरूखाली बसून शेवंती ओवत होती – हातात सुई! ओट्याच्या कामाला आलेले गवंडी-बिवंडी, सगळ्यांसमोर झापली तिला. विमलाबाईने तर मारायलाच घेतलं. पोरगी आधी नाही-नाही म्हणत होती. तिसऱ्या फटक्याला म्हणाली, "मीच टोचले."

बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू.

१० सप्टेंबर

आणखी पाच पेरू. सान्वी तर तीन दिवस फिरकलीच नाही. मग?

१४ सप्टेंबर

माझा भाचा रत्नदीप आलेला, कृषी खात्यात आहे. भोकं बघून हसलाच. म्हणे, मावशी, सुई कसली, पतंग आहे हा. अंधार पडला की येतो, फळात सोंड खुपसून रस पितो.

मग त्याने कुंपणावरच्या गुळवेलीची पानं उलटून बघितली. खाली जाडजूड अळी, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. याच पतंगाची. गुळवेलीवरच वाढतात म्हणे. एवढी वेल लावली कोणी, त्याने विचारलं.

मी! कोरोनात, काढ्यासाठी. काढे संपले, वेल माजली.

"आपोआप आली रे," म्हणाले त्याला. शी! या वयात भाच्याशी खोटं!

१५ सप्टेंबर

वेल उपटायला घेतली. विमलाबाई न बोलावता मदतीला आली. ताई, पोरीचं मनावर घेऊ नका, आता तिला इथे पाय ठेवू देत नाही, म्हणाली. हात जोडले तिने – मला! आणि मी काय म्हणाले? असू दे!! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. लाज वाटते. नुसती लाज.

१६ सप्टेंबर

आजही नाही सांगितलं.

१८ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर सान्वीला रस्त्यात गाठलं. पतंग, वेल, सगळं सांगितलं. चुकले गं, म्हणाले. आत्ता चल, आजीलाही सांगते.

तिने माझा हात घट्ट धरला. "नको ना काकू. आजीने मारलंय मला. खरं कळलं तर ती खूप रडेल."